वहिनीच्या नावावर खाल्लेल्या भाकरी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. दादाला नाही, मित्रांना नाही, जिममधल्या पोरांना तर नाहीच. तुम्हाला सांगतो—कदाचित तुम्ही आमच्या घरी कधी जेवला नाहीत म्हणून.

आधी सोपं ते सांगतो. माझी भूक मोठी आहे. पाचवीत होतो तेव्हाच चार भाकरी खायचो आणि आई गल्लीत कौतुकानं सांगायची, "माझं लेकरू खाण्यात कमी न्हाई." घरातला पहिला पदवीधर मी. बी.कॉम., तेही फर्स्ट क्लास. सांगायला लाज कशाची? गावातून रोज मानवतला जातो, एका धान्याच्या आडतीवर कॉम्प्युटरचं काम बघतो. खुर्चीवर बसून बसून पोट असं सुटलं की एके दिवशी दुकानातल्या काट्यावर सहज उभा राहिलो, तर आकडा सत्त्याण्णव. हमाल शेजारीच होते. त्यातला एक म्हणाला, "साहेब, पोत्याचा बारदाना वजा करायचा का?"

सगळे हसले. मीही हसलो. आणि त्याच संध्याकाळी घरी जाहीर केलं—आजपासून दोन भाकरी, भात बंद, गूळ-साखर बंद, सकाळी जिम.

आमच्या घरात शिकलेल्याच्या बोलण्याला लय मान. चरबी, स्नायू, प्रथिनं—मी सांगायचो आणि आई ऐकत राहायची. तिसरी भाकर वाढायला तिचा हात पुढं आला की मी ताटावर पंजा आडवा धरायचो. काय रुबाब होता त्या पंजात!

आणि दुपारी चार वाजता?

चारला मी आडतीवरून मोकळा व्हायचो. घरी पोचायचो तेव्हा आई आणि दादा शेतात. वहिनी—दादाची बायको—आतल्या खोलीत सात महिन्यांच्या पोरीला निजवत असायची. शेतातून आलेल्यांना लगेच खाता यावं म्हणून ती सकाळीच जास्तीच्या भाकरी थापून दुरडीत फडक्याखाली ठेवायची. मी एक घ्यायचो. शेंगदाण्याची चटणी, वर तेल. मग दुसरी. उभ्याउभ्याच. बसलो असतो तर ते जेवण झालं असतं ना—उभं राहून खाल्लेलं कोण मोजतं? तिसरी संपेपर्यंत स्वतःची लाज वाटायची, आणि चौथीपर्यंत तीही जायची.

एका संध्याकाळी आईनं फडकं उचललं. "आगं, दुरडीला पाय फुटले का काय?"

दिवसभर घरात कोण होतं? वहिनी. दोन भाकरींवर उठणाऱ्या माझ्यावर कोण संशय घेणार?

"म्या न्हाई खाल्ल्या, आत्याबाई."

"मग काय मांजरानं चटणी लावून खाल्ल्या व्हय?"

मी मोरीवर हात धूत होतो. तोंड उघडायला असा कितीसा वेळ लागतो? मी हात धूतच राहिलो.

तुम्हाला वाटेल, झाली कबुली. नाही—थांबा. इथवर नुसता भ्याडपणा आहे. तो मी कधीतरी कोणाला सांगूनही टाकला असता.

हे चार महिने चाललं. आई आता स्वतःच्या हातानं वहिनीला वाढायला लागली—दीड भाकर, आणि वर "बास". अंगावर पाजणारी बाई ती. दादा खाली मान घालून जेवायचा. इकडं माझं वजन हलेना, तेव्हा मी आईला समजावलं की चरबी घटून स्नायू वाढायलेत, म्हणून काटा तिथंच आहे. असं होतं खरं. माझं होत नव्हतं. तिकडं अंगणवाडीतल्या ताईंनी पोरीचं वजन केलं आणि म्हणाल्या, पाहिजे तेवढं भरत नाही. आई घरी येऊन वहिनीला म्हणाली, "खातीस तर एवढं, मग दूध कुठं जायलंय?"

वहिनीला ठाऊक होतं. एकदा ती पाणी घ्यायला आली, तेव्हा मी घास तोंडात धरून उभा होतो. तिनं बघितलं आणि रिकामा तांब्या घेऊन मागं फिरली. का बोलली नाही? कोणाला सांगणार होती—आईला, तिच्या शिकलेल्या लेकाविरुद्ध?

शेवटी आईनं तिला बोरीला, माहेरी पाठवलं. "दोन महिने तुझ्या बापाला भरू दे तुझं पोट."

आता ऐका. ती एसटीत बसली, त्याच दिवशी चारला सुटून मी घरी आलो. घर रिकामं. आईनं थापलेल्या भाकरी दुरडीत. भूक तीच. हात फडक्यापर्यंत गेला—आणि ध्यानात आलं, आज एक जरी भाकर कमी भरली तर आईला खरं कळेल. मी हात मागं घेतला. दुसऱ्या दिवशीही. पाणी पिऊन, बाहेर चक्कर मारून—दोन महिने, एकही भाकर नाही. जो ताबा मला स्वतःच्या तब्येतीसाठी जमला नव्हता, तो तिच्यावरचा आळ पक्का करायला जमला. सहा किलो उतरलो. हमालांनी पाठ थोपटली. आणि आई शेजारणीला दुरडी दाखवत म्हणाली, "बघा, ती गेल्यापसून एक भाकर हलली न्हाई." मी तिथंच बसून मोडाची मटकी खात होतो.

माझा गुन्हा तो आहे. भूक नाही.

बोरीला पोटभर मिळालं तशी पोरगी भरली. वहिनीला परत सोडायला तिचे वडील आले ते ज्वारीचं पोतं घेऊन. ओसरीवर टेकवलं आणि आईला हात जोडून म्हणाले, "इहीणबाई, लेकीच्या पोटापुरतं आणलंय. कमी पडलं तर खबर द्या." पोतं आत नेलं मीच. जिममध्ये खांदे तयार झाले होते ना. त्या ज्वारीच्या भाकरी मीही खाल्ल्या.

पुढं मी दुरडीला हात लावला नाही, आणि आईला वाटलं, सून वळणावर आली.

याला दोन वर्षं झाली. आता मी भूक लपवत नाही. आधी वाटीभर घट्ट डाळ, उसळ, काकडी, मग तीन भाकरी—सगळ्यांसमोर, मांडी घालून. चार वाजता आडतीवरच दोन उकडलेली अंडी आणि मूठभर फुटाणे, म्हणजे घरी येईस्तोवर पोट पेटत नाही. कंबर चार बोटं आत गेली. काटा सावकाश उतरतोय, उतरेल. मी सोडणार नाही. भूक आहे तेवढीच आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. पण वहिनी अजून दीड भाकरीवर उठते. लग्नकार्यात आई अजून रंगवून सांगते, आमच्या सूनबाईनं दुरडी कशी रिकामी केली. बायका हसतात. वहिनीही हसते.

रविवारी आम्ही सगळे बोरीला जाणार आहोत. मीच सगळ्यांना चला म्हणालो. कशाला, ते सांगितलं नाही. तिथं वहिनीच्या वडिलांसमोर, आई शेजारी असताना, वहिनीच्या देखत मी बोलणार आहे. माफी मागणार नाही. मागितली की त्या माणसाला ती द्यावी लागेल, आणि त्या घरातून मी आधीच पुष्कळ घेतलंय. भाकरी मी खाल्ल्या. आणि दोन महिने मुद्दाम खाल्ल्या नाहीत. दोन्ही सांगणार आहे.