निळ्या कागदावरचे ढग

त्वचारोगाच्या दवाखान्यात त्यांना सगळे चित्रकाका म्हणत. काम एकच. छापील माणसाच्या आकृतीवर, नर्स सांगेल तिथे चट्टा रंगवायचा. कातडीच्या एका दुर्मीळ कर्करोगाची ती नोंद. पुस्तकात चट्टे लाल, म्हणून पेन्सिलही लाल.

एके दिवशी डॉक्टरबाई फाईल घेऊन आल्या.

"काका, निम्मे कागद कोरेच?"

"कोरे कुठले, बाई! यांचे चट्टे फिकट आहेत. त्यांना लाल लावला तर खोटं होईल. म्हणून जागा सोडली."

बाई हसल्या, मग फाईल पुन्हा पहिल्यापासून चाळू लागल्या. थंड मुलखातल्या गोऱ्या अंगावर जे लाल उठतं, ते आपल्याकडच्या सावळ्या अंगावर पुष्कळदा असं फिकट उतरतं, आणि माणसं कोड समजून वर्षानुवर्षं घरी बसतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी तीच आकृती छापलेले निळे कागद आणि पांढरा खडू आणून दिला.

मग काकांच्या टेबलावर आभाळच पसरलं. कमरेवर, मांड्यांवर, ऊन न लागणाऱ्या जागी विरलेल्या कडांचे ढग. खिडकीतून वारा आला की ते कागद हलत आणि ढग निघाल्यासारखे वाटत. बघता बघता काकांच्या मनात पाल चुकचुकली.

घरी थोरली बहीण होती. तिचं कोड सात वर्षं कपड्यांआड.

"आक्का, तुझं कोड दुधासारखं पांढरं, की नुसतं फिकट?"

"फिकट. कुठे संपतं तेही कळत नाही. का रे, रेघा मारता मारता डॉक्टर झालास?"

"उद्या चल माझ्याबरोबर."

"सात वर्षं सुखाने गेली, आता कशाला उकरतोस?"

"देवाने ते कागद उगाच का माझ्यापुढे मांडले असतील?"

सकाळी आक्का कुरकुरत का होईना, चप्पल घालून दारात उभी होती.

कातडीचा कण तपासला. तेच निघालं, पण रोग सावकाश पसरणारा, म्हणून अजून वेळेत. आठवड्यातून तीनदा ती उपचारासाठी डोळे झाकून जांभळ्या उजेडाच्या कपाटात उभी राहायची आणि मनात नामस्मरण करायची.

तिचा पहिला कागद रंगवताना काकांचा खडू दोनदा तुटला. पाच महिन्यांनी दुसरा रंगवायला घेतला, तेव्हा आक्का मागून डोकावली.

"भावाची माया म्हणून कमी नको हं दाखवूस."

"आहे तेवढंच काढतोय."

कमरेवर एक पुसट ढग उमटला. बाकीचा कागद निळाच राहिला.