वहिनीचे पाच उंच वाफे

फुलसावंगीत कुठेही पंगत उशिरा वाढली जाणार असली, की लोक मला पुढे करतात. मी उभा राहतो, दोन-चार नकला करतो आणि भात शिजेपर्यंत दोनशे माणसं भूक विसरतात. माझ्यापुढे गप्प बसलेला माणूस मला सहन होत नाही. खोड म्हणा.

दादा पंचवीस वर्षं समुद्राकाठच्या गावी नोकरीला होता. बायकोही तिथलीच केली. गेल्या वर्षी नोकरी संपवून तो शेती पाहायला परत आला. वहिनी म्हणाली, "एक वर्ष राहून बघते. नाही करमलं तर मी आपली माहेरी." दादा तिच्याशिवाय राहणारा नव्हता. म्हणजे माझा भाऊ मला मिळणार की नाही, हे वहिनीला करमण्यावर होतं.

करमावं म्हणूनच तिनं परसात भाजी लावायला घेतली. माहेराहून लाल माठ, पडवळ, मुळा असं बी आणलं होतं. आमच्याकडे वाफा म्हणजे चहूबाजूंनी बांध घालून पाणी धरणारी खोलगट जागा. हिनं माती ओढून वीतभर उंच, लांबुळके पाच वाफे चढवले. मी कमरेवर हात ठेवून पाहिलं.

"काहून वहिनी, या पाच समाध्या कोणाच्या बांधून राह्यल्या?"

"तुमची सहावी, भाऊजी. जागा ठेवलीय." ती हसली. "अहो, पाणी साचलं की मुळं कुजतात. आमच्याकडे असंच करतात."

"इथं पाणी साचाले तं पाह्यजे! समुद्र आहे का इथं?"

हा प्रसंग मी पानटपरीवर केला, मग पारावर केला. हशा असा, की आठवड्याभरानं एका सकाळी मला राहवलं नाही. पाचही वाफ्यांवर झेंडूचे हार घातले, उदबत्त्या खोचल्या. अख्खी गल्ली बघायला लोटली. बायका हात जोडून, "कोण गेलं हो?" विचारत होत्या. वहिनीही हसली. माठाचे लालसर कोंब नुकतेच वर आले होते.

दुपारी तिनं फावड्यानं पाचही वाफे सपाट केले आणि आमच्यासारखे बांध घालून पुन्हा बी टाकलं. मी म्हणालो, "आता कशा वऱ्हाडी झाल्या!"

श्रावणात आठ दिवस झड लागली. आमच्या काळ्या मातीत पाणी जिरेना. परसात डबकं झालं आणि सगळं सडलं. वहिनीनं ते उपटून उकिरड्यावर नेलं. मला एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर मी काहीतरी विनोद केला असता.

दिवाळीनंतर ती माहेरी गेली. फोनवर खुशाली विचारली तेव्हा म्हणाली, "इकडे थंडी बाधत नाही, भाऊजी. माठ एवढा आलाय की वाटत सुटलेय." परत कधी येता, हे मी विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात दादाला पुसदच्या स्टँडवर सोडलं. शेत बटईनं, निम्म्या वाट्यावर कसायला दिलं, घराची किल्ली माझ्याकडे. गाडी लागली, गर्दी धावली. मी म्हणालो, "दादा, चूक माही होती."

"हो," दादा म्हणाला, आणि जागा धरायला त्यानं पिशवी खिडकीतून आत टाकली.