राऊतकाकांची मोठ्या इंचांची पट्टी

कुकरला भात किती लावू, एवढे जरी काकूंनी विचारले तरी राऊतकाका आधी तर्जनी वर करायचे. "बोटभर जास्तच ठेव!" जबलपूरच्या चेरीताल भागात त्यांचे घर आमच्या घराला लागून. उभा जन्म गेला फॅक्टरीत, पॅटर्नमेकर म्हणून. लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी तसाच लाकडी नमुना करावा लागतो, आणि तो जरासा मोठा, कारण ओतलेले लोखंड थंड होताना आकसते. त्या मापासाठी काकांकडे स्वतःची एक पोलादी पट्टी होती. तिचे इंचच मुळी बाजारातल्या इंचांपेक्षा मोठे.

निवृत्तीनंतर काका त्याच पट्टीने घरची सुतारकामे करू लागले आणि आमचे भोग सुरू झाले. आमच्या कोनाड्यासाठी त्यांनी सागवानाची चार फुटी फळी केली, ती अर्धा इंच बाहेर. बाबा हसून बेजार. काका मात्र शांतपणे रंधा काढत म्हणाले, "हसा ना भाऊ. जास्त आहे ते तासता येते. कमी पडलं तं काय जोडसान?"

पुढे मी नोकरीसाठी चेन्नईला गेले आणि सर्फिंगच्या नादी लागले. नर्मदेपलीकडे पाणी न पाहिलेली जबलपूरची मुलगी बोर्डवर उभी राहून समुद्राच्या लाटांवरून घसरते, हे आईला अजूनही नीट पटलेले नाही. चार वर्षांनी आम्ही मैत्रिणींनी बालीला जायचे ठरवले. तिथल्या लाटा आमच्या लाटांच्या दुप्पट. प्रश्न होता बोर्डचा. मला सवय पाच फूट दहा इंचांच्या चपळ बोर्डची. सर्फिंग शिकवणारे सर सांगत होते, मोठ्या लाटांना सात फुटी घे. पण लांब बोर्ड म्हणजे शिकाऊंचा, असे माझ्या डोक्यात बसलेले. शिवाय एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. त्याच वर्षी एका लाटेने मला पाण्याखाली इतका वेळ दाबून धरले होते, की तेव्हापासून मोठी लाट दिसली की मी काही ना काही निमित्त काढून ती सोडून द्यायचे. आपण भित्री ठरू नये म्हणून तर मला छोटाच बोर्ड हवा होता.

जायच्या आधी घरी आले तेव्हा काकांना मोबाइलवर दोन्ही बोर्ड दाखवले. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी विचारले, "जोरात कोणती लाट येते? मोठी का लहान?"

"मोठी."

"मंग तिच्या जोडीनं पळाले लागत असन. हातानं वल्हवलं तं कोणती फळी जास्त पळते?"

"लांब," मी नाइलाजाने म्हटले. "लाट फुटायच्या आधीच तिच्यावर चढता येतं."

"अच्छा. मंग मले काहून विचारून राहिली?"

काकांनी खडू आणला, व्हरांड्यात पट्टी लावून दोन्ही बोर्ड रेखले आणि मला छोट्या आकृतीत पालथे पडायला लावले. काकू दारातून ओरडल्या, "उठ वं बाई, तुलेही रंधा मारतीन हे!" मी हसत हातांनी वल्हवू लागले. काका एकदम माझ्याजवळ खाली बसले.

"बेटा, श्वास काहून रोखून राहिली?"

कोरड्या फरशीवर पडून मी श्वास रोखला होता. मग सगळे सांगून टाकले. रडलेही. काकांनी उपदेश केला नाही. पाणी आणून दिले आणि खडूच्या रेघेकडे पाहत म्हणाले, "लोखंड थंड झालं का आकसते. माणूस भेला का आकसते. त्यात लाज कायची? पहिलेच मापात धरायचं. तिथं तू बोटभर लहान होशीन, तं फळी मोठी घे."

इतके ऐकूनही बालीच्या भाड्याच्या दुकानात मी पाच-दहाचाच बोर्ड उचलला. जित्याची खोड! दिवसभरात एकही लाट हाती लागली नाही. एक तर पुढे निघून जायची, नाहीतर डोक्यावर फुटायची. दुसऱ्या सकाळी मुकाट्याने सात फुटी घेतला. मागून लाट उठली, मी आकसलेही. पण तोवर बोर्ड चालू लागला होता. उभी राहिले तेव्हा मी मराठीत ओरडत होते.

किनाऱ्यावरून काकांना फोन लावला. "काका, जमलं! सात फुटी!"

"पाण्यातून बाहेर आली ना? चलो, बढ़िया. जेवली का?"

मागच्या हिवाळ्यात काका गेले. मी भेटायला गेले तेव्हा काकूंनी ती पट्टी माझ्या हातात ठेवली. "तुलेच द्याले सांगितलं होतं त्यायनं." माझ्या भीतीची लाज ज्या माणसाने काढून घेतली, त्याचे आभार मानायचे राहूनच गेले होते. चेन्नईला परतल्यावर मी माझ्या नव्या सात फुटी बोर्डला ती पट्टी लावून पाहिली. बोटभर कमी भरला. मी हसले, आणि मग बराच वेळ रडले. पुढचा बोर्ड मी काकांच्या पट्टीने सात फूट करून घेणार आहे.