उजवीकडची खिडकी

लोक विचारतात, तुम्ही नेमकं करता काय? मी सांगतो, तीन अर्धवट धंदे. तरुणपणी वैमानिक व्हायला निघालो होतो. वीस-पंचवीस तास विमान उडवलंही. मग तपासणीत डॉक्टर म्हणाले, तुम्हाला हिरवा आणि तपकिरी वेगळा ओळखता येत नाही, सोडा हा नाद. चालवता येत नाहीत तर लिहू तरी, म्हणून विमानांवर लेख लिहायला लागलो, जो छापेल त्याच्याकडे. आणि लेखांवर घर चालत नाही म्हणून तुर्भ्याच्या एका शाळेत भूगोल. मैदान हिरवं, डोंगर तपकिरी, हे मला पाठ आहे, दिसत नाही. पोरांना हे माहीत आहे. बेटे मुद्दाम नकाशा पुढे करतात आणि विचारतात, सर, हा कुठला रंग?

शाळेत एक शिपाई मावशी होत्या. नव्या विमानतळासाठी जी गावं उठली त्यातल्या एका गावच्या. माझ्या तासाला त्या वर्गाबाहेर स्टुलावर बसायच्या आणि ऐकायच्या. वीस वर्षांत त्यांनी आठवीचा भूगोल वीसदा ऐकला, परीक्षा तेवढी दिली नाही.

विमानतळ सुरू होणार असं ठरलं तेव्हा एक दिवस मधल्या सुट्टीत त्या माझ्याकडे आल्या. "सर, इमानातनं खाली दिसतं का?" म्हटलं, दिसतं की. मग त्यांनी सांगितलं. लग्नानंतर दोन वर्षांनी त्यांना मुलगी झाली होती, अकरा दिवसांची होऊन गेली. एवढ्या लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. गावाबाहेरच्या तळ्याच्या काठाला चिंचेखाली तिला ठेवलं. गाव गेलं, चिंच गेली, आता भोवती कुंपण. "वरनं हात जोडीन एकदा. मंग मी मोकळी." एवढंच बोलून त्या घंटा द्यायला गेल्या.

मला भरून आलं, आणि खोटं कशाला बोलू, लेखही दिसला. एका वर्तमानपत्राच्या संपादकांना विषय सांगितला, ते खूश. नवा विमानतळ सुरू झाल्यावर तिथून गोव्याची दोन तिकिटं निघाली, परतीचं विमान मात्र मुंबईच्या जुन्या विमानतळावर उतरणारं. म्हणजे मावशींचं गाव दिसलं तर जातानाच, उडताना, फार तर पाचसहा सेकंद. कुठल्या बाजूची खिडकी घ्यायची यावर सगळं होतं.

आता हे काम माझं. उपग्रहाच्या चित्रांत तळं शोधून काढलं, अजून शाबूत होतं, धावपट्टीच्या उत्तरेला. मग आठवडाभर शाळा सुटल्यावर विमानतळाजवळच्या उलव्याच्या रस्त्याला उभा राहून विमानं पाहिली. सगळी पश्चिमेला, खाडीकडे तोंड करून उडत होती. विमान वाऱ्याला सामोरं उडतं, आणि वारा समुद्रावरून येत होता. पश्चिमेला उडालो तर उत्तर उजव्या हाताला. उजवीकडची खिडकी घेतली. मावशींना फळ्यावर काढूनसुद्धा दाखवलं, एवढी माझी ऐट.

मावशी नवं लुगडं नेसून आल्या. पर्समध्ये हळदकुंकवाची पुडी. सकाळी आठचं विमान होतं. ते धावपट्टीकडे जायला लागलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. ते खाडीच्या टोकाला निघालं होतं. म्हणजे उडणार पूर्वेला, आणि उत्तर डाव्या हाताला. दिवसा खारे वारे समुद्रावरून जमिनीकडे, रात्री आणि सकाळी मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे. हे मी दर वर्षी शिकवतो, आकृती काढून. विमानं पाहिली ती दुपारनंतरची आणि तिकीट काढलं सकाळचं. असला गाढवपणा नापास पोरगाही करणार नाही.

पट्टे बांधलेले, विमान भरलेलं, पलीकडच्या खिडक्यांवर माणसं मोबाइल लावून बसलेली. चाकं सुटली. मावशी काचेला नाक लावून विचारत होत्या, "कुठं, सर? कुठं हाय?" खाली साचलेल्या पाण्याचं कसलंतरी डबकं दिसलं आणि मी त्याच्याकडे बोट केलं. "ते बघा. तेच तळं." का केलं? लाज वाटली म्हणून. दुसरं कारण नाही. त्यांनी हात जोडले, चिमूटभर कुंकू काचेला लावलं आणि म्हणाल्या, "हाय, दिसलं." मागाहून हवाईसुंदरीने ते पुसलं.

घरी येऊन मी लेख लिहिला. आईला तिचं तळं दिसलं, असा शेवट. लोकांनी फोन करून सांगितलं, रडवलंत. पुरवणीचं ते पान मावशींनी शाळेतल्या क्लार्ककडून वाचून घेतलं आणि घडी घालून घरी नेलं.

वार्षिक परीक्षांच्या सुमारास त्या अंथरुणाला खिळल्या. पोटाचं दुखणं होतं, हाताबाहेर गेलेलं. भेटायला गेलो, पुनर्वसनाच्या त्यांच्या दोन खोल्यांत. सून चहा ठेवायला आत गेली तेव्हा मावशी म्हणाल्या, "सर, एक बोलू? आमच्या दारातनं समोर, आता इमानं पळतात त्या पट्टीच्या पल्याड, कर्नाळ्याचा सुळका दिसायचा. इमानात पन माझ्या खिडकीत सुळका समोर होता. म्हंजे आमचं गाव माझ्या पाठीमागं रायलं. त्या दुसऱ्या खिडकीत."

मी म्हटलं, मग तेव्हाच का नाही बोललात?

"तुमी एवढं बोट करून दावत होता. सगल्या लोकांत कसं सांगू, सर चुकले म्हनून."

मी म्हणालो, बऱ्या व्हा, पुन्हा जाऊ, या खेपेला डावीकडे बसू. त्यांनी माझा हात थोपटला, नापास मुलाला मी थोपटतो तसा. तीन आठवड्यांनी त्या गेल्या.

मग मी संपादकांना फोन केला. म्हटलं, माझ्या लेखात चूक आहे, दुरुस्ती छापा. ते म्हणाले, अहो, एवढ्या दिवसांनी कसली दुरुस्ती, आणि बाईंची काही तक्रार आहे का? बाई नाहीत आता, मी म्हटलं. मग सोडा ना, ते म्हणाले.

नाही सोडवत. म्हणून ती दुरुस्ती इथे करतो. आईला तिचं तळं दिसलं, असं मी लिहिलं होतं. ते दिसलं नाही. ते डावीकडे होतं, आणि मी तिला उजवीकडे बसवलं होतं.