"चला, गेला तो"

आज सकाळचं तुम्हा सगळ्यांना सांगून मोकळी होते.

सकाळी लसीकरणासाठी स्कूटीवर निघाले. मागे नवीन सिस्टर होती. जंगलातल्या नाल्याच्या अलीकडे वांदरं एकदम खेकसायला लागली. मी गाडी बंद केली.

वाघ जवळ असला की वांदरं अशी ओरडतात, हे मला वासुदेवभाऊंनी शिकवलं. आमच्या उपकेंद्राचे आरोग्यसेवक. कामही त्यांनीच शिकवलं, आणि पुढे अशी गट्टी जमली की डबे एकत्रच उघडायचो. कित्येक वर्षं त्यांच्या गाडीवर मागे बसून मी हाच रस्ता केला. मागच्या पावसाळ्यात ते वारले.

वांदरं गप्प झाली.

"ताई, निघाचं काय?" मागून सिस्टरनं हळूच विचारलं.

हेच मी भाऊंना विचारायची. ते आरामात म्हणायचे, "चला, गेला तो." माझी भीती तिथंच संपायची.

आज पुढे मीच होते. झाडीत काहीच दिसत नव्हतं. तरी म्हणाले, "चल, गेला तो."

ती निर्धास्त झाली. मी मात्र गाव येईपर्यंत दर वळणावर झाडीत बघत होते.

तेव्हापासून एकच डोक्यात आहे. भाऊंना तरी तो जाताना कधी दिसला होता का?