आधी कुठलं काम, ते तुम्ही सांगा

पुतू वेळीप गेल्याचं मला सुप्याच्या बाजारात कळलं. कुंभारवाड्याकडचा एक जण मिठाचं गाठोडं खांद्यावर टाकत म्हणाला, "मुकादम गेला न्हवं, तापानं." मग हळूच म्हणाला, "आता रावसायबाशी बोलणार कोण?" माणूस गेल्याच्या दुःखात ही धास्ती कशी शिरली, ते इथं राबणाऱ्यालाच कळेल.

पुतू साग ओढणाऱ्या टोळीचा मुकादम. डोंगरावर तोडलेले ओंडके दोर लावून, रेड्यांच्या आणि माणसांच्या जोरावर उतारावरून काळी नदीपर्यंत आणायचे, हे टोळीचं काम. पण ठेकेदाराचा कारभारी, ज्याला सगळे रावसाहेब म्हणत, तेवढ्यावर थांबेल तर ना! ओंडके ओढा, गाडीवाट साफ करा, वर ठेकेदार मालक शिकारीला आले की जनावरं उठवायला रानात हाका घाला. सगळं एकाच दिवशी. याला मी वेठ म्हणतो, आजही म्हणतो. एकदा दिवसभर हाका घालून दमलेल्या माणसांना संध्याकाळी पुन्हा दोराला जुंपलं. दोर निसटला, ओंडका खाली आला आणि खेमो गावड्याचा पाय चिरडला.

मजुरांसाठी पत्रकं लिहिणारा मी पेटून उठलो. पत्रक लिहिलं, टोळीनं काम टाकून बसावं म्हणून पुतूच्या अंगणात जाऊन ते मोठ्यानं वाचलं. सुपारी कातरत त्यानं सगळं ऐकून घेतलं. "झ्याक लिवलंय हो, कागदवाले! रावसायबाला वाचता येतंय, पण राग आल्यावर न्हाई येत."

"मग त्याच्या पाया पडणार?"

"पाया कशाला? इचारणार. 'जमत न्हाई' म्हटलं की आमी आळशी ठरतो. तिन्ही कामं म्होरं ठेवली की त्याला एक उचलावं लागतंय."

आमच्या मुलखात रानात काम सुरू करण्याआधी मुकादम झाडाखालच्या राखणदार देवाच्या दगडापाशी पान-सुपारी ठेवून आजचं काम मोठ्यानं सांगतो. टोळी "व्हय म्हाराजा" म्हणते. एकदा सांगितलं की त्या दिवशी वाढीव काम घ्यायचं नाही. रावसाहेब तिकडे कधी फिरकत नसत. दुसऱ्या सकाळी पुतूनं त्यांना मानानं बोलावलं, जोडे काढायला लावले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "म्हाराजा, मालकाचे ओंडके हायत, वाट हाय, हाका हाय. माणसं हीच, त्यातला खेमो घरात पडलाय. रावसायब, आधी कुठलं काम, ते तुमी सांगा."

"तूच ठरव की!"

"मी ठरवलेलं तुमी मोडशीला. तुमी ठरवलेलं कोण मोडतंय?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. रावसाहेबांचा चेहरा उतरला. मालकांना काय सांगू, असं ते पुटपुटले... तेव्हा तो बेरकी मुकादम पुढं झाला आणि हलकेच म्हणाला, "सांगा, ओंडके नदीला लागल्याबिगर माल पुढं जात न्हाई. शिकार कुठं पळती?" माझ्या सगळ्या पत्रकांत असं एक वाक्य नाही, जे कारभाऱ्याला मालकासमोर उच्चारता येईल. रावसाहेब म्हणाले, "आज ओंडके." टोळी गरजली, "व्हय म्हाराजा!"

त्या दिवसापासून पुतू रोज विचारी आणि रावसाहेब रोज निवडत. कधी चिडून, कधी जांभई देत. वाढीव काम आलंच, तर पुतू आधीच्यातलं कुठलं सोडू, असं तिथल्या तिथं विचारी. रेटून, हसून, कधी कारभाऱ्याच्या अंगरख्यावरची धूळ झटकत. मला ते हसणं खटके. हक्काची गोष्ट हसून का मागायची? पण त्या उतारावर पुन्हा कुणाचा पाय गेला नाही, हे मी नाकारणार नाही.

परवा मी मुद्दाम तिथं गेलो. नवा मुकादम अजून नेमलेला नव्हता. टोळी दगडाभोवती उभी होती. रावसाहेब आले, जोडे काढून ठेवले आणि थांबले. कोणीच विचारेना. शेवटी तेच दगडाकडे बघत म्हणाले, "म्हाराजा, आज फकस्त वाट. ओंडके उद्या."

"व्हय म्हाराजा" म्हणायलाही माणसांना क्षणभर उशीर झाला.