निळा ठिपका

मिस्त्रीला राग आला की तो आधी हात पुसतो. त्याच्या सायकल-दुरुस्तीच्या दुकानात खुंटीला ग्रीसने काळी झालेली एक चिंधी असते. तिने दहाही बोटं एकेक करून पुसायची आणि मगच तोंड उघडायचं, ही त्याची जुनी सवय. त्या बुधवारी तो शाळेच्या मार्गदर्शन कक्षात बसला होता आणि तिथे चिंधी नव्हती. त्याने पँटलाच हात पुसले. समोरच्या बाई कागद चाळत राहिल्या. आता काय ऐकावं लागणार आहे याची त्यांना कल्पना नव्हती.

मिस्त्रीची मुलगी दहावीत. इंजिनिअरिंगला अजून दोन वर्षं अवकाश, पण हल्ली तयारी दहावीतच सुरू करावी लागते म्हणे. इंजिनिअरिंग कॉलेजने दहावीच्या मुलांसाठी उन्हाळी वर्ग काढला होता. तो केलेल्यांना पुढे प्रवेशाच्या वेळी आधी विचारणार. शाळेतून चारच नावं जायची होती. पोरीचे मार्क होते, गणित तर तोंडपाठ होतं. फक्त चाळीस तासांच्या समाजकार्याचा कागद हवा होता, तोही शुक्रवारपर्यंत.

"समाजकार्य? अहो, तीन वर्षं ती तेच करतेय," मिस्त्री म्हणाला. "मोठ्या दवाखान्यातल्या व्हीलचेअर आम्ही फुकट दुरुस्त करतो. दर रविवारी दोन. निम्म्या तीच करते."

"कुठे?"

"आमच्या दुकानात."

"मग ते घरचं काम झालं," बाई शांतपणे म्हणाल्या. "वडलांना केलेली मदत धरता येत नाही. तिने एखाद्या संस्थेत जायला हवं होतं. हे बघा, या मुलाने रोपं लावलीत. फोटोसकट."

फोटोत इस्त्रीचा शर्ट घातलेला एक मुलगा एका रोपावर झारी धरून कॅमेऱ्याकडे बघत होता. त्याच्या बुटाला माती लागली नव्हती. मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि का जाऊ नये? पोरीच्या नखांत तीन वर्षांचं ग्रीस, ते कुणाला दिसत नाही. झारीवाल्याचं मात्र फाइलला लागलं!

"रोप जगलं का, ते विचारलंत त्याला?" एवढंच तो बोलला आणि उठला. म्हणजे त्याच्या मते एवढंच. तो आवाज शिपायाने जिन्यापर्यंत ऐकला.

व्हीलचेअरची ही भानगड त्याच्या बायकोच्या मोडलेल्या पायापासून सुरू झाली होती. दवाखान्यात तिला बसवलेली खुर्ची सारखी डावीकडे भिंतीला जाऊन धडकायची. मिस्त्रीने खिशातला पाना काढला आणि तिथेच चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढला. तेव्हापासून रविवारी दोन खुर्च्या हातगाडीवर घालून दुकानात आणायच्या आणि संध्याकाळी पोचवायच्या, हा नेम झाला. ना पावती, ना नोंद. दुकानाला पाटीसुद्धा नव्हती. दुरुस्त झालेल्या चाकाच्या हबवर एक पिवळा ठिपका, हीच त्याची सही. काम कुणीही करो, खूण दुकानाची एकच, हा त्याचा कायदा. त्याच्या उस्तादाकडे नऊ वर्षं राबताना त्यालाही स्वतःची खूण मिळाली नव्हती. मग पोरीला कशी मिळेल?

शाळेतून तो पोरीला घेऊन तडक दवाखान्यात गेला. वॉर्डच्या मोठ्या सिस्टर औषधांच्या ट्रॉलीपाशी उभ्या होत्या.

"सिस्टर, एक कागद द्या. खुर्च्या हिने दुरुस्त केल्यात म्हणून."

सिस्टरनी चष्मा डोक्यावर चढवला. "मिस्त्री, मी खोटं लिहीत नाही. गाडी तुम्ही आणता, खुर्च्या तुम्ही उतरवता, ठिपका तुमचा. दर रविवारी मी तुम्हालाच 'वा मिस्त्री' म्हणते आणि तुम्ही मान डोलावता. ही पोर तर गेटवर सायकल धरून उभी असते. काम तिचं आहे हे एकदा तरी बोललात?"

मघाशी शाळेत केवढा तोरा! आणि तीन वर्षं मान कोण डोलावत होतं?

पोरगी खाली बघत होती. सिस्टरनाच काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी भिंतीलगतची एक खुर्ची ओढली.

"बरं, मला एक सांगा. हा निळा ठिपका कसला?"

"निळा? आमचा पिवळा."

"हबवर पिवळा. पण हा बघा, रिमच्या आतल्या बाजूला, हवा भरायच्या व्हॉल्व्हशेजारी. काही खुर्च्यांना आहे, काहींना नाही. आम्ही रोज खुर्च्या पुसतो म्हणून आम्हाला दिसतो. पेशंटला लांब न्यायचं असलं की आमचे वॉर्डबॉय निळ्याचीच खुर्ची शोधतात. ती सरळ चालते."

मिस्त्री वाकला. मोहरीएवढा ठिपका होता, नेलपॉलिशचा. त्याने पोरीकडे पाहिलं.

"हे कधीपासून?"

"पहिल्यापासून," ती म्हणाली. "तुम्ही ओरडाल म्हणून आतून लावला."

"दुकानाची खूण एकच असते, सांगितलं होतं ना!"

"म्हणूनच आतून लावला, बाबा."

त्याला राग आला, खरंच आला. आपला कायदा मोडला, आणि वर निळ्याची सरळ चालते म्हणजे आपली वाकडी चालते की काय! हात पुसायला तो चिंधी शोधू लागला. सापडली नाही, आणि शोधता शोधता राग कुणावर काढायचा तेच त्याला कळेना. शाळेतल्या बाईंनी पोरीचं काम धरलं नव्हतं ते एका बुधवारी. त्याने तीन वर्षं धरलं नव्हतं.

सिस्टरनी दवाखानाभर फिरून निळे ठिपके मोजले. सदतीस निघाले. खुर्चीमागे दोन तास धरले तरी चाळीसाच्या वर तास भरले, आणि कागदावर दवाखान्याचा शिक्का बसला.

शुक्रवारी बाईंनी तो कागद वाचला, शिक्क्यावर बोट फिरवलं आणि गोड हसल्या. "हे आधी का नाही आणलंत?" पोरगी तीच, काम तेच, पण शिक्का दिसल्यावर बाईंना ती दिसली! मिस्त्रीच्या ओठांवर फार काही आलं होतं. ते गिळून तो म्हणाला, "मलाच दिसलं नव्हतं." बाईंनी यादीत चौथं नाव लिहिलं. ते पूर्ण लिहून होईपर्यंत तो उठला नाही.

रविवारी पोरीने खुर्चीचं चाक फिरवून पाहिलं आणि सवयीने पिवळ्या रंगासाठी त्याच्याकडे सरकवलं. मिस्त्रीने रंगाचा डबा उघडला नाही.

"तुझी बाटली आण."

तिने दप्तरातून नेलपॉलिश काढलं, खाली वाकली आणि ब्रश रिमच्या आत घालू लागली.

"आत कुठे लावतेस?" मिस्त्री एवढ्या जोरात ओरडला की रस्त्यावरची माणसं थांबली. "चोरी केलीयस का? बाहेर लाव!"